आधी काटा, मग पोरं

आमच्या वारूळवाडी-नारायणगाव भागात किशोर गटाचा कबड्डी संघ कसा निवडतात, हे मी गेली पंधरा-सोळा वर्षं बघतोय. आधी वजनकाटा आणतात. मग पोरं आणतात.

काट्यावर जो ५४ भरला तो आत. जो ४२ भरला त्याच्या पाठीवर थाप मारून सांगतात, "खात जा रे जरा, पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी तो येत नाही. तेवढ्यात दहावी येते, टोमॅटोचा तोडा येतो, बाजारात क्रेट उचलायचं काम मिळतं. कबड्डी त्याच्यापुरती संपते. त्याने एकही चढाई केलेली नसते, एकाचाही घोटा धरलेला नसतो. तो हरलेला नसतो, त्याला खेळूच दिलेलं नसतं.

मी खेळाचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण शाळेत माणसं कमी आणि कामं जास्त. त्यामुळे तालुक्याच्या स्पर्धेला संघ घेऊन जायचं काम एकदा माझ्याकडे आलं आणि मग ते माझंच झालं. म्हणून हे लिहितोय. यातला निम्मा राग इतरांवर आहे आणि निम्मा स्वतःवर.

मुद्दा सरळ आहे. हलक्या आणि चपळ पोरांचा संघ कबड्डी जिंकू शकतो का? चढाईबद्दल कुणाचा वाद नाही. बारीक अंगाचा, पायाने हलका पोरगा रेडर म्हणून सगळ्यांना चालतो. वाद आहे तो मागच्या फळीचा. "सर, रेडर लहान असला तरी चालतंय, पण पकडीला अंगच लागतं. कॉर्नर-कव्हरला दांडगा गडी पाहिजे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एके काळी मीसुद्धा तेच म्हणायचो. आज माझं मत असं की हे अर्धसत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यात आपला आळस लपलेला आहे.

आधी नियम बघू. कबड्डीत वजनमर्यादा का आली? दांडग्या पोरांनी लहान पोरांना चिरडू नये म्हणून. किशोर गटाला सोळा वर्षं वय आणि कित्येक वर्षं ५५ किलो वजन अशी मर्यादा चालत आली. कुमार गटाला वीस वर्षं आणि ७० किलो, पुरुषांना ८५ किलो. आकडे कधी मागेपुढे होतात, पण त्यामागचा विचार एकच आहे: ही वरची हद्द आहे, याच्या वर जाऊ नका. आपण तिचं काय केलं? हद्दीचंच लक्ष्य केलं. ५५ ची मर्यादा म्हणजे सातही जण ५५ चेच हवेत, असा अर्थ लावला. लहान पोराच्या रक्षणासाठी केलेला नियम त्यालाच बाहेर ठेवायच्या कामी आला.

आणि ५५ चे सात कुठून आणायचे? मग ५८ चा, ५९ चा पोरगा घ्यायचा आणि त्याला खाली आणायचं. कसं आणतात ते या भागातल्या कुठल्याही खेळाडूला विचारा. दोन दिवस जेवण बंद. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. सकाळी अंगात दोन स्वेटर, त्यावर रेनकोट आणि मैदानाला चकरा. तोंडात चिंचेचा बुटुक धरून थुंकत बसायचं. हे सोळा वर्षांच्या पोराला.

मीही हे होऊ दिलंय. एका वर्षी आमचा सर्वात दांडगा पोरगा मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरत होता. मी त्याला उपाशी राहा असं सांगितलं नाही. मी फक्त म्हणालो, "बघ बाबा, तुझ्याशिवाय संघ नाही." शिक्षकाने एवढं म्हटल्यावर पोराला वेगळं सांगावं लागत नाही. तो काट्यावर पास झाला. पहिल्या सामन्याच्या उत्तरार्धात त्याला घेरी आली आणि तो मध्यरेषेवरच बसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. चढ्या आवाजात बोलली नाही. एवढंच विचारलं, "सर, रमजान तर नाय, मग पोरगं उपाशी कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. रोज्याला सहरी असते, इफ्तार असते, नियत असते. लहानाला सूट असते, आजाऱ्याला सूट असते. ज्या दीनात उपवासालासुद्धा इतके नियम आहेत, त्यात वाढलेला मी एका ट्रॉफीसाठी एका पोराला काहीही नियम नसलेला उपवास करायला लावत होतो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीपर्यंत गेली आणि त्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली, तेव्हा देश हळहळला. आपल्या गावच्या मैदानावर दर पावसाळ्यात तेच चालतं, त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

आता खेळाकडे येतो. कारण "पोरांना त्रास होतो" एवढं म्हटलं की लोक म्हणतात, जिंकायचं असेल तर त्रास आलाच. म्हणून मला हे दाखवायचंय की वजनाच्या मागे लागणं खेळ म्हणूनही शहाणपणाचं नाही.

कबड्डीत पकड म्हणजे एकाविरुद्ध एकाची कुस्ती नसते. चढाईला एक येतो, समोर सात असतात. त्याच्याकडे तीस सेकंद आणि एक दम. त्याला मध्यरेषेपर्यंत परत जायचंय. पकडणाऱ्यांना त्याला उचलून आपटायचं नाही, दम जाईपर्यंत त्याला आपल्या अंगणात ठेवायचंय. कॉर्नरने घोटा धरला की रेडर झेपावतो. एकट्या ४४ किलोच्या पोराने ५५ किलोच्या रेडरला ओढून धरावं ही अपेक्षाच चुकीची. त्याने रेडरला फक्त क्षणभर थांबवायचं असतं. त्या क्षणात कव्हरने येऊन कंबर किंवा मांडी धरायची, तिसऱ्याने मध्यरेषेची वाट अडवायची. म्हणजे खरा प्रश्न पहिल्या पोराच्या वजनाचा नाही. दुसरा किती लवकर पोहोचला, हा आहे. आणि लवकर पोहोचणं हे काम हलक्या पायांचं आहे.

आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी हे विचारलं. त्यांनी खडूने फळ्यावर मांडलं. ५५ किलोचा पोरगा सेकंदाला ४ मीटर वेगाने आला तर त्याचा संवेग २२०. ४४ किलोचा ५ मीटर वेगाने आला तर त्याचाही २२०. गतिज ऊर्जा काढली तर वेगाचा वर्ग होतो, म्हणून जड पोराची ४४० आणि हलक्याची ५५०. मी खूश झालो. बाई लगेच म्हणाल्या, "थांबा सर, हे धडकेचं झालं. धरून ठेवायला हे गणित चालणार नाही. तिथे वजन आणि पकडीची ताकदच लागते." बाईंचं बरोबर आहे आणि मी ते झाकून ठेवत नाही. हलका संघ उभ्याने झोंबायला गेला तर हरणारच. रेडरला खांद्याने धक्का देऊन मैदानाबाहेर काढायचं त्याने मनातही आणू नये. त्याने खाली राहावं, घोट्यावर जावं, जोडीने जावं आणि वेळ साधावी.

हा वाद आपल्यापुरता नाही. रग्बीत पुढच्या फळीत धिप्पाड गडी असतात, त्यांना फॉरवर्ड म्हणतात. त्या खेळाचे पंधरा जणांचा आणि तेरा जणांचा असे दोन प्रकार आहेत आणि दोन्हीकडे हाच प्रश्न विचारतात: लहान पण वेगवान फॉरवर्ड घेऊन जिंकता येईल का? २०१५ च्या विश्वचषकात जपानने इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. आफ्रिकेचे गडी अंगाने कितीतरी जड. जपानी खेळाडू खाली वाकून पायात शिरत होते, पडले की उठून पुन्हा रांगेत उभे राहत होते आणि शेवटच्या मिनिटांत बरोबरीची सोपी संधी सोडून विजयासाठी खेळले.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती लबाडी होईल. २०१९ मध्ये जपानने आपल्याच देशात आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांना हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा दक्षिण आफ्रिकाच समोर आली. या वेळी आफ्रिकेने जपान्यांच्या वेगाच्या नादी न लागता आपल्या वजनाचा खेळ केला आणि २६-३ ने जिंकली. म्हणजे वजन खोटं नाही. जडाने डोकं वापरलं तर हलक्याला फार अवघड जातं. पण आपल्याकडचे किती जड संघ डोकं वापरतात, हे मी मैदानाच्या कडेला बसून पाहिलेलं आहे.

आपल्या खेळातलंही बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरवलं आणि योगायोग असा की गुण तेच, ३४-३२. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कोरियाने आपल्याला साखळीत २४-२३ ने हरवलं. ज्या देशात कबड्डी गल्लीत खेळत नाहीत, त्या देशाची पोरं आपल्याला दोनदा हरवून गेली. कशाच्या जोरावर? जांग कुन ली याची धावत्या हाताची चढाई आठवा. अंगाच्या जोरावर तो बचाव फोडत नव्हता. शिवून परत जाईपर्यंत समोरच्याचा हात उठत नव्हता.

कुणी म्हणेल, त्याच जकार्तात इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ ने हरवलं, ते तर दणकट अंगाचे आणि कुस्तीच्या देशातले. मान्य. १९९० पासून सलग सात वेळा जिंकलेलं सुवर्ण तिथे गेलं. पण फझल अत्राचली कॉर्नरला उभा असताना नीट बघा. तो ताकदवान आहेच, पण तो रेडरच्या पायाकडे बघत थांबतो. एका पायावर भार गेला की दुसरा घोटा धरतो. आपल्या प्रशिक्षकांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि थांबणं पाहायचं राहिलं.

आणि पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून त्यांनी प्रो कबड्डी पहिल्यांदा जिंकली. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात पोरं रस्त्यावर आली होती, मीही होतो. पण अस्लम काही बुटका नाही आणि त्याच संघात मोहम्मदरझा शादलुईसारखा भरभक्कम इराणी बचावपटू होता. म्हणून "बघा, लहान पोरं जिंकली" असं मी म्हणणार नाही. म्हणेन ते इतकंच: त्या संघात चढाया अस्लम, मोहित गोयत आणि पंकज मोहितेमध्ये वाटलेल्या होत्या. बचावात एकाने धरलं की दुसरा तिथे हजर असायचा. एका पैलवानाच्या खांद्यावर टाकलेला तो संघ नव्हता. आपण गावात नेमकं उलटं करतो. एक दांडगा शोधतो आणि बाकी सहा जणांना त्याच्या भरवशावर सोडतो. तो बाद झाला की पाच मिनिटांत लोण.

गंमत म्हणजे हे आपल्याला कळत नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यती पुन्हा जोरात आहेत. घाटात बैल जुंपताना त्याला काट्यावर कोण चढवतो? तिथे सेकंद मोजतात. खिल्लारी बैल घेतात, कारण तो अंगाने सुटसुटीत आणि पळायला तिखट. शिवाय एकटा बैल कितीही पळता असला तरी जोडी जमली नाही तर बारी वाया जाते, हे लहान पोरालाही माहीत असतं. मग बैलाच्या बाबतीत असलेली अक्कल पोराच्या बाबतीत कुठे जाते?

दरवर्षी शिवजयंतीला शिवनेरीवरून ज्योत आणणारी हीच आपली मंडळं. गनिमी काव्यावर भाषण झालं की टाळ्या वाजवतात. त्या काव्याची तालीम याच मुलखात झाली. मलिक अंबरने हलके मराठी घोडेस्वार घेऊन मुघलांच्या अवजड फौजांना वर्षानुवर्षं दमवलं. १६२४ ला नगरजवळ भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीत सोडलं आणि मुघल-आदिलशाही फौज हरवली. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढले होते. ते नुसते हलके होते म्हणून जिंकले नाहीत. त्यांना वाटा माहीत होत्या, रसद कुठे तोडायची ते माहीत होतं, कधी लढायचं आणि कधी निघून जायचं ते ठरलेलं होतं. भाषणात आपल्याला अंबर आणि शिवराय हवेत, संघ निवडताना मात्र आपण हत्ती मोजत बसतो.

खरी अडचण मला ठाऊक आहे. दांडग्या पोरांचा संघ पंधरा दिवसांत उभा राहतो. हलक्या पोरांच्या संघाला वर्ष लागतं. घोटा कधी धरायचा, साखळी कशी सोडायची नाही, समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस कसा चोरायचा, आपण तिघेच उरलो तर घाबरून मागे न जाता सुपर टॅकलचा जादा गुण कसा मिळवायचा, हे शिकवावं लागतं. रोज. आणि रोज म्हणजे शाळा सुटल्यावर तासभर, कारण दिवस मावळायच्या आत पोरं घरी पोहोचायला हवीत. उसाच्या कडेने जायची वाट असते, बिबट्याची धास्ती असते. एवढ्या थोड्या वेळात शिकवायचं म्हणजे कष्ट आहेत. त्यापेक्षा काटा सोपा. म्हणून मी याला आळस म्हणतो. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

उर्दू शिकवताना मी पोरांना सांगतो की शेराला 'वजन' असतं. ते शब्दांच्या जडपणाचं नसतं, लयीचं असतं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की मोठमोठे शब्द असूनही शेर कोसळतो. संघाचं वजनही मला तसंच वाटतं. सातांची पावलं एका लयीत पडतात का, ते बघायचं. ते काट्यावर दिसत नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. निवडीच्या दिवशी पोरांना आधी दहा-दहा मिनिटं खेळवा आणि वजन नंतर बघा, तेसुद्धा फक्त मर्यादा ओलांडली नाही ना एवढ्यासाठी. पहिली पकड कुणी केली ते सगळेच लिहितात. मदतीला दुसरा कोण पोहोचला, तेही लिहा. दहा सामन्यांनंतर ती वही उघडा, तुमचे कॉर्नर-कव्हर तुम्हाला तिच्यात सापडतील. आणि मर्यादेच्या वर असलेल्या पोराला उपाशी ठेवू नका, वरच्या गटात खेळवा. तिथे तो हलका ठरेल, हे मला माहीत आहे. मग त्यालाही हेच शिकवा.

त्या बाईंचा पोरगा आता कबड्डी खेळत नाही. मोठा झालाय, कामाला लागलाय, रस्त्यात भेटला की हसून सलाम करतो. त्याने मला माफ केलंय असं वाटतं, पण विचारायची हिंमत झालेली नाही.

गेल्या वर्षापासून मी संघ काट्याशिवाय निवडतो. यंदाच्या सात जणांची सरासरी ४४ किलो आहे. आतापर्यंत आम्ही जिंकण्यापेक्षा हरलोच जास्त. पण पहिल्या वर्षी लोण तीन-तीन बसायचे, आता एखादा बसतो, आणि एका ५५ च्या संघाला आम्ही दोन गुणांपर्यंत आणून सोडलं. ज्यांना हे सगळं मास्तरकी वाटत असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात आपला दांडगा संघ घेऊन आमच्या मैदानावर यावं. चहा आमच्याकडून. हरलो तर किती गुणांनी हरलो ते इथेच लिहीन, आणि जिंकलो तरी इथेच.